सेल उलटा लागला तर

नाक मोकळं करून ठेवा, तिथं सगळ्यात आधी तेच पोचणार आहे.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. चिपळूणची बाजारपेठ, सकाळचे अकरा. १९७० च्या दशकाचा उत्तरार्ध चालू आहे. नेमकं साल कुणाला विचारू नका, लोक आधीच तुमच्या कपड्यांकडे बघतायत. पहिला भपकारा सुक्या बोंबलांचा. त्यामागून सुकट, मग मिठाची ओलसर पोती, नव्या घोंगड्यांचा लोकरी वास, आणि या सगळ्यांवर मात करणारा कुठल्यातरी हातगाडीवरचा पिकला फणस. आगोटीची खरेदी चाललीय. पाऊस आठ-दहा दिवसांवर आलाय. एकदा तो लागला की वाशिष्ठी आणि शिवनदी बाजारात कधी चढतील याचा नेम नाही, म्हणून चार महिन्यांचं जे घरात भरायचं ते आत्ताच.

हवा हलत नाही. सदरा पाठीला चिकटलाय. मुंबईला परतणारे चाकरमानी आंब्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन स्टँडकडे धावतायत. रेल्वे अजून चिपळुणात आलेली नाही, तेव्हा सगळा भार एसटीवर. एका पेटीचा कोपरा तुमच्या खांद्याला लागतो. पेटीवाला थांबत नाही, नुसता ‘होऽऽ बाजू’ एवढंच ओरडतो. तुम्ही बाजूला होता आणि पाठ टेकते ती एका दुकानाच्या फळीला.

बरं झालं, इथंच यायचं होतं.

दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट आहे. आत शिरलात की बाहेरचा मासळीचा वास थांबतो आणि दुसरा सुरू होतो: तापलेल्या राळेचा. गोड, धुरकट, घशात जरा खवखवणारा. सोल्डरिंगच्या कावियाचं टोक राळेत बुडालं की चर्र होतं आणि धुराची एक बारीक दोरी वर जाते. फळ्यांवर रेडिओ रांगेने बसलेत. मर्फी, बुश, फिलिप्स. काही लाकडी पेटीतले, बरेचसे चामडी कव्हरातले हातातले ट्रान्झिस्टर. प्रत्येकाच्या पट्ट्याला गावाच्या नावाची चिठ्ठी. पावसाळ्यात वाडीबाहेर पडणं मुश्किल, तेव्हा मीठ-मिरचीसारखा रेडिओही आगोटीच्या यादीत असतो. चार महिने बाहेरच्या जगाचा आवाज याच डब्यातून येणार.

दुकानाचे मालक बनियनवर बसलेत. सगळे त्यांना काका म्हणतात, तुम्हीही म्हणा. ते मान वर न करताच तुम्हाला एक स्टूल दाखवतात आणि हातात एक चिमटा देतात. झालं, तुमची नेमणूक झाली.

पहिलं गिऱ्हाईक खाडीकाठच्या गावातून आलेलं आहे. टॉवेलात गुंडाळलेला ट्रान्झिस्टर ते असा पुढे करतं, जणू तापानं फणफणलेलं पोर आहे.

“काल रात्रीपासून बोलत नाय काका. सेल नवे घातले नि गप झालाय.”

“सेल कोणी घातले?”

“पोरानं.”

काका मागचं झाकण काढतात. आत पालीची दोन अंडी, एक वाळलेलं झुरळ, आणि चार सेल, चारही उलटे. पोराने सपाट बाजू स्प्रिंगला लावायची ती टोपीची लावलीय. काका काही बोलत नाहीत. झुरळ फुंकून उडवतात, सेल काढून बाजूला ठेवतात आणि आतल्या सर्किटच्या पट्टीला नाक लावून वास घेतात. हो, वास. जळलेला भाग कुठला ते त्यांना आधी नाकाने कळतं, मीटर नंतर.

आता इथं जरा थांबा. सेल उलटा लागला म्हणून टॉर्चचा बल्ब कुरकुर करत नाही. तार ती तार, वीज इकडून गेली काय नि तिकडून गेली काय. या डब्यातल्या काळ्या-चंदेरी शेंगदाण्याएवढ्या वस्तूंना, म्हणजे खऱ्या ट्रान्झिस्टरांना, मात्र दिशा लागते. त्यांना कुठली बाजू धन आणि कुठली ऋण याची जन्मखूण असते. काकांच्या टेबलावर बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे आहेत. एकात पीएनपी प्रकारचे, दुसऱ्यात एनपीएन प्रकारचे. तुम्ही चिमट्याने एसी १२८ उचलून चुकून दुसऱ्या डब्यात टाकता, तेव्हा काका पहिल्यांदा तुमच्याकडे नीट बघतात.

“एकशे अठ्ठावीस पीएनपी. एकशे सत्तावीस एनपीएन. दिसायला सारखे. आज डबा चुकलात, तर उद्या मी कुणाचा तरी रेडिओ जाळीन.”

दोन्ही जर्मेनियमचे. एकाच राखाडी, ठिसूळ मूलद्रव्याचे. आकार तोच, तीन तारा त्याच. पण एकाला जिथं धन लागतं तिथं दुसऱ्याला ऋण. फरक आहे तो आत घातलेल्या चिमूटभर परक्या धातूचा, आणि ही चिमूट म्हणजे खरोखर किती ते थोड्या वेळाने सांगतो. आत्ता दुपार होतेय आणि दुसरंच प्रकरण दारात आलंय.

हा रेडिओ सकाळी गातो आणि दुपारी त्याचा घसा बसतो. मालक शपथेवर सांगतो. काका तो सुरू करतात. विविध भारतीवर कुणी बाई गातेय, पण फाटक्या आवाजात, जणू तोंडात गरम भात आहे. पत्र्याच्या छपराखाली आत्ता जी काही उष्णता आहे ती तुम्हालाही असह्य झालीय; कपाळावरचा थेंब नेमका पट्टीवर पडणार म्हणून तुम्ही मागे सरता. काका कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एका ट्रान्झिस्टरच्या टोपीवर टेकवतात. थंडगार, नाकात चढणारा वास. एक-दोन सेकंद. आणि बाईचा गळा मोकळा होतो! दुकानाच्या दारातली गर्दी ‘अरेऽऽ’ करते. स्पिरिट उडून जातं, गळा पुन्हा बसतो.

जर्मेनियमचा हा स्वभाव. ऊन वाढलं की त्याच्या आतले इलेक्ट्रॉन कुणी न बोलावता सुटे होऊ लागतात. दर दहा अंशांना गळती साधारण दुप्पट होते. मिसळलेल्या धातूने ठरवून दिलेली शिस्त उकाड्यात मोडते, आणि कोकणातला मे महिना याबाबतीत निर्दय आहे. म्हणूनच काका डाग देताना ट्रान्झिस्टरचा पाय चिमट्यात घट्ट धरायला लावतात. कावियाची उष्णता तारेतून वर चढायच्या आत चिमट्याने ती प्यायची. तुमची बोटं भाजतायत. सोडू नका.

दुपारी गिऱ्हाईक पांगतं. काका डबा उघडून भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी पुढे सरकवतात. जेवताना त्यांना खेळ सुचतो. खणातून एक जुना ओसी ७१ काढतात. काचेची बारीक कुपी, वरून काळा रंग फासलेला, कडेला कलेक्टरची खूण म्हणून लाल ठिपका. ब्लेडने ते रंग खरवडतात. काळे पापुद्रे भाकरीजवळ पडतात. मग तो एका उघड्या रेडिओच्या सुरुवातीच्या ध्वनिवर्धक टप्प्यात जोडतात आणि दुकानातली ट्यूब लावतात.

घूँऽऽऽ.

रेडिओ सेलवर चालतोय, भिंतीतल्या विजेशी त्याचा काही संबंध नाही. कुठलं स्टेशनही लागलेलं नाही. तुम्ही कुपीवर अंगठा ठेवा: आवाज बंद. काढा: घूँऽऽऽ. हे प्रकाशाचं गाणं आहे. ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते, तुमच्या डोळ्याला ते कळत नाही, जर्मेनियमला कळतं. प्रकाश आत शिरला की इलेक्ट्रॉन सुटतात, ट्रान्झिस्टर त्यांना मोठं करतो आणि कर्णा ते बोलून दाखवतो. वीस-एक किलोमीटरवर पोफळीला, डोंगराच्या पोटात, कोयनेचं पाणी चक्रं फिरवतंय; ती फिरणारी वीज चिपळूणच्या बाजारात काकांच्या कुपीतून ऐकू येतेय. काचेला काळा रंग फासायचं कारण कळलं? नाहीतर प्रत्येक रेडिओ उजेडात घुमत बसला असता.

आता ती चिमूट.

जर्मेनियमच्या अणूला बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात. चार शेजारी, प्रत्येकाशी एकेक बंध. सगळे गुंतलेले, कुणी मोकळा नाही. अशा शुद्ध स्फटिकातून वीज जेमतेमच जाते. आता त्यात पाच इलेक्ट्रॉनांचा अँटिमनी किंवा आर्सेनिकचा अणू घुसवा. चार बंधांत गेले, पाचवा मोकाट. झाला एन-प्रकार. उलट तीनच इलेक्ट्रॉनांचा इंडियम घुसवलात तर एक बंध अपुरा राहतो, एक रिकामी जागा तयार होते, आणि वीज त्या रिकाम्या जागेच्या हालचालीने वाहते. झाला पी-प्रकार. काकांच्या हातातल्या जुन्या पीएनपीची कृती ऐकून हसाल: एन-प्रकारच्या जर्मेनियमच्या पातळ चकतीला दोन्ही बाजूंनी इंडियमचा एकेक मणी चिकटवायचा आणि भट्टीत तापवायचं. मणी वितळून चकतीत थोडा मुरतो, गार होताना तिथलं जर्मेनियम इंडियम पोटात घेऊन पुन्हा गोठतं. मध्ये एन, दोन्ही कडांना पी. बस.

मधल्या त्या चकतीत परक्या अणूंचं प्रमाण एका कोटीत एखाद-दुसरा एवढंही पुरतं. त्यामुळे आधी स्फटिक इतका शुद्ध करावा लागतो की मुद्दाम केलेली भेसळ चुकून झालेल्या भेसळीत हरवता कामा नये. मला या सगळ्या शास्त्रात हीच गोष्ट सर्वांत चमत्कारिक वाटते. सोवळं कडक पाळायचं, कशासाठी तर नंतर बेतानं ओवळं करता यावं म्हणून.

चार वाजता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुणाच्यातरी पिशवीतून माल येतो. काका पुडकं सोडतात. काळे प्लॅस्टिकचे: बीसी १४८. सिलिकॉनचे, एनपीएन. काका त्यांच्याकडे नव्या सुनेकडे बघावं तसं बघतात. कामाची आहे म्हणतात, पण घराची रीत बदलणार. आणि बदलतेच. इतकी वर्षं बहुतेक रेडिओंत पीएनपी जर्मेनियम, म्हणून सेलची धन बाजू सांगाड्याला जोडलेली. सिलिकॉनच्या एनपीएनबरोबर ऋण बाजू सांगाड्याला येते. नकाशा उलटा वाचायचा, मीटरच्या वायरी उलट्या लावायच्या, हाताची सवय मोडायची. बदल्यात हे काळे पोर उन्हाला भीत नाही. स्पिरिटचा बोळा निवृत्त.

शिवाय सिलिकॉन मुबलक आहे. जर्मेनियम जमिनीत टनाला दीड ग्रॅमच्या आसपास, तेही विखुरलेलं, जस्ताच्या खनिजाच्या गाळातून नाहीतर कोळशाच्या राखेतून वेचून काढायचं. सिलिकॉन म्हणजे भूकवचाच्या वजनाचा चौथ्या हिश्शाहून जास्त भाग. तुम्ही लगेच वाशिष्ठीच्या वाळूकडे बोट दाखवाल. थांबा, ती सह्याद्रीच्या काळ्या दगडाची चुरी. तिच्यात सिलिका भरपूर आहे, पण बाकीचंही पुष्कळ. काचेला लागते तशी पांढरी सिलिका वाळू दक्षिणेला, कणकवलीच्या कासार्ड्याकडे. आणि वाळूतून स्फटिक काढायचा तर सिलिकॉन १४१४ अंशांना वितळवावं लागतं, जर्मेनियमचं ९३८ वर भागायचं. मुबलक आहे म्हणून स्वस्त आहे, असं नसतं.

मग याहून सोपं, पायाखालचं काही? काकांच्या दुकानाची मागची भिंत जांभ्याची आहे. लाल, भोकाभोकांची, हात लावला तर तळवा गेरूने माखतो. तो लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडांचा, आणि त्यांपैकी हेमेटाइट हा जर्मेनियमसारखा अर्धवाहकच आहे. खरं सांगतोय. स्वभावाने एन-प्रकारचा. टायटॅनियमची चिमूट घातली की आणखी एन होतो, मॅग्नेशियमची घातली तर पी-कडे झुकवता येतो. जगभरच्या प्रयोगशाळा सूर्यप्रकाशात पाणी फोडण्यासाठी या गंजाच्या मागे लागल्या आहेत. तुम्ही उत्साहाने मीटरच्या दोन्ही सुया भिंतीला टोचता. काटा ढिम्म. हेमेटाइटमधून वीज इतक्या नाखुशीने जाते की साधा मीटर तिची दखल घेत नाही. काका मडक्यातलं पाणी भिंतीवर शिंपडतात, काटा टुणकन हलतो, तुमचा चेहरा उजळतो आणि काका खदाखदा हसतात. ते पाणी होतं. ओल्या दगडातले क्षार वीज नेतात, त्यात तुमच्या अर्धवाहकाचं कर्तृत्व शून्य. पुढे लक्षात ठेवा. ओल हा या धंद्यातला सर्वांत मोठा खोटारडा साक्षीदार.

“त्यापेक्षा हे बघा,” म्हणून काका फुटक्या तांब्याच्या बंबाचा एक पत्रा काढतात. आमसुलाने घासून लख्ख केलेला. प्रायमस पेटवतात. रॉकेलचा भपका, मग निळी ज्योत आणि कान भरून टाकणारा तो घरघराट. पत्रा ज्योतीवर. आधी नारिंगी, मग जांभळट, मग मोरपिशी, बघता बघता सगळे रंग काळ्यात बुडतात. अर्धा तास तुम्ही घाम पुसत बसलाय. मग स्टो बंद, हात लावायचा नाही, सावकाश गार होऊ द्यायचं. थोड्या वेळाने पत्रा स्वतःच बोलू लागतो: टप्. टिक्. टप्. काळे पोपडे उडतायत, काही तुमच्या मांडीवर. खाली दिसतो विटकरी लाल थर. क्युप्रस ऑक्साइड.

त्यावर शिशाचा एक चपटा तुकडा दाबून धरा. मीटरची एक वायर शिशाला, दुसरी तांब्याला. काटा हलला. वायरी अदलाबदल करा. काटा जागच्या जागी. थरातून तांब्याकडे वीज जाते, तांब्यातून थराकडे येताना अडते. हा ट्रान्झिस्टरच्याही आधीचा दिष्टकारी. १९२० च्या दशकात अमेरिकेत ग्रोंडाल आणि गायगर यांनी अशाच तांब्याच्या चकत्या रचून बॅटऱ्या भरायची सोय केली होती, आणि जुन्या मीटरांच्या पोटात असल्या चकत्या असत. गंमत अशी की यात बाहेरचं काहीच मिसळलेलं नाही. थर तयार होताना तांब्याचे काही अणू आपापल्या जागी पोचतच नाहीत. त्या गैरहजर अणूंमुळेच तो पी-प्रकारचा होतो. जे नाही, त्याने ठरवलेला स्वभाव.

काकांना हे सगळं माहीत नाही. त्यांना पत्रा माहीत आहे. माझ्या मते तेवढ्याने त्यांचं भौतिकशास्त्र कमी ठरत नाही.

बाहेर पश्चिमेला ढग जमलेत. पहिली वीज चमकते आणि फळीवरचे चालू असलेले सगळे रेडिओ एकदम खरखरतात. निघा आता, सहाची गाडी चुकेल. स्टँडवर धूळ, डिझेल, भज्यांचं तेल आणि कंडक्टरची घंटी. कोल्हापूरची गाडी लागलीय. सूचना एकच: तुम्ही उतराल तेव्हा दहा-बारा वर्षं उलटून गेलेली असतील. एसटी आहे, तेवढा उशीर समजून घ्या.

पोफळीपाशी विजेचे मनोरे डोंगरावर चढताना दिसतात, मग कुंभार्ली घाटाची वळणं सुरू होतात. गाडी खच्चून भरलेली. तुम्ही मागे दांड्याला लटकलाय, काखेत कुणाचीतरी कोंबडी. कोयनानगरला पुढच्या बाकावरचा एक माणूस उतरतो. दुसऱ्या बाकावरचा उठून तिथं बसतो, त्याच्या जागी तिसऱ्यावरची बाई, तिच्या जागी चौथ्यावरचा पोरगा. माणसं एकेक बाक पुढे सरकली, पण तुम्ही मागून काय बघताय? एक रिकामी जागा पुढून मागे तुमच्याकडे चालत आली. बसा. पी-प्रकारच्या पदार्थात वीज अशीच वाहते, आणि पाठ्यपुस्तकातल्या ठिपक्यांच्या आकृत्यांनी मला जे कधी पटलं नाही ते या गाडीने पटवलं.

पाटण, कराड, झोप, मानेला रग. कोल्हापूर.

शिवाजी विद्यापीठाचा पदार्थविज्ञान विभाग. १९९० उजाडतंय. इथल्या वासाने डोळ्यांतून पाणी येतं: अमोनिया. त्याच्या आडून सडक्या अंड्याची एक पुसट झुळूक, ती गंधकाची. एस. एच. पवार, सी. डी. लोखंडे, सी. एच. भोसले, पी. एस. पाटील अशी माणसं ज्या विद्यापीठात पातळ थरांवर काम करतात, तिथं तुम्ही आलाय. लोखंडे आणि पवार यांचा विद्युत-निक्षेपणाने अर्धवाहकांचे थर देण्याबद्दलचा आढावा १९८९ मध्ये ‘फिजिका स्टेटस सॉलिडी’त आलाय, रासायनिक पद्धतीने थर देण्यावरचा लोखंड्यांचा मोठा आढावा १९९१ मध्ये येणार आहे. परदेशात जे काम महागड्या निर्वात भांड्यांत चालतं ते इथं काचेच्या चंचुपात्रात करून बघायचा नाद आहे. पात्रात धातूचा क्षार, गंधक पुरवणारं थायोयुरियासारखं रसायन, अमोनिया. आत काचपट्ट्या उभ्या सोडलेल्या. पात्र कोमट पाण्यात. द्रावण हळूहळू गढुळतं, काळवंडतं, आणि काचेवर एक थर धरतो, केसाच्या जाडीच्याही कितीतरी खाली.

तुमच्यासमोर बसलेल्या संशोधक मुलीच्या बोटांची टोकं तपकिरी झालीत. तिच्या पट्टीवर कथिल सल्फाइड आहे. कथिल, गंधक, दोन्ही बाजारात मिळणारी, विषारी कॅडमियमसारखी भीती नसलेली. कथिल जमिनीत खरं तर जर्मेनियमपेक्षा फारसं जास्त नाही, पण ते एका जागी खनिजाच्या रूपाने साठून सापडतं, म्हणून भांड्यांना कल्हई करण्याइतकं स्वस्त. सौर घटाला आणखी काय हवं?

हवा असतो दुसरा प्रकार, पी आणि एनची जोडी जमवायला. आणि इथंच हे मुबलक पदार्थ अडून बसतात. कथिल सल्फाइड आपणहून पी होतं, कारण त्यातही कथिलाच्या जागा रिकाम्या राहतात. क्युप्रस ऑक्साइड पी, आणि एन व्हायला अत्यंत नाखूश. झिंक ऑक्साइड जन्मजात एन, त्याला पी करण्यात जगभर किती जणांची उमेद गेली याची गणती नाही. सिलिकॉन भलं: फॉस्फरस घाला एन, बोरॉन घाला पी, तक्रार नाही. या मंडळींत तुम्ही जादा इलेक्ट्रॉनांचा पाहुणा घुसवलात, की स्फटिक आपलाच एखादा अणू गैरहजर ठेवतो आणि ती रिकामी जागा पाहुण्याचा इलेक्ट्रॉन गिळून टाकते. स्फटिकाला ऊर्जेच्या हिशेबात तेच परवडतं. तुम्ही भेसळ वाढवता, तो गैरहजेरी वाढवतो. पुढे एकविसाव्या शतकात गंधकाच्या जागी क्लोरीन किंवा ब्रोमीन बसवून कथिल सल्फाइडला एन करून दाखवतीलही लोक. आज रात्री या टेबलावर ते कुणाला ठाऊक नाही.

प्रकार ओळखायची परीक्षा मात्र काकांना आवडली असती. एक गरम कावीया, एक गार सुई, एक नाजूक गॅल्व्हानोमीटर. गरम टोक थरावर टेकवलं की तिथले वाहक पळून गार बाजूला जातात. इलेक्ट्रॉन पळाले, तर गरम टोक धन होतं, काटा उजवीकडे. रिकाम्या जागा पळाल्या, तर गरम टोक ऋण, काटा डावीकडे. पट्टी पूर्ण कोरडी हवी. चिपळूणची भिंत आठवतेय ना?

रात्रीचे दीड. पंखा बंद आहे, वाऱ्याने टोक गार होतं म्हणून. ती दिवसभर मापतेय, काटा दर वेळी डावीकडे. डोळे चोळत ती चहा प्यायला उठते आणि जाता जाता कावीया तुमच्या हातात देते. तुम्ही नवी पट्टी घेता. कावीया टेकवता. काटा थरथरतो आणि सावकाश, ठामपणे, उजवीकडे जातो.

तुम्ही ओरडता. ती चहाचा कप हातात घेऊन धावत येते, अर्धा चहा जिन्यात. बघते. काटा उजवीकडेच. तिचा श्वास तुम्हाला ऐकू येतो. मग ती खाली वाकते आणि वायरीचा माग काढते.

“पावणं, लाल वायर कुठं लावलीय?”

गार सुईला.

ती काही न बोलता वायरी बदलते. काटा डावीकडे. वहीत आणखी एक ‘पी’ लिहिते, उरलेला चहा एका घोटात संपवते आणि दुसरी पट्टी तुमच्यासमोर सरकवते.

“हिच्यात भेसळ दुप्पट हाय. धरा. आणि लाल गरमला.”